न उपटलेला दात

काका गेल्याचा सांगावा अकोल्याला आला तेव्हा मी शाळेत मुलांना व्याकरण शिकवत होतो. तेरवीला अमरावतीस पोचलो. तिथं बार्शीटाकळीचे मामा भर पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिवाचा जनम लोकाच्या थुंकीत गेला. एका दातापायी मळा घालवला लेकाच्यानं!" पंगत हसली. मी गप्प बसलो, कारण काकू समोर होती. आता महिना झाला. आता बोलतो.

आम्ही माळी. अमरावतीच्या परकोटाबाहेर खंडानं केलेला एक मळा, त्यात वांगी, मेथी, मुळा. बाप मी रांगत असतानाच गेलेला. घरात आई, मी, शिवराम काका आणि गोदाकाकू. अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, इथल्या कापसाचा भाव चढला आणि वऱ्हाडाला सोन्याचे दिवस आले, असं लोक अजून सांगतात. आमची चूल त्याच सोन्यानं विझवली. मालकानं मळा परत घेतला आणि फुलावर आलेल्या वांग्यांवरून नांगर फिरवून पऱ्हाटी, म्हणजे कापूस, पेरली. त्या पावसाळ्यात आम्ही रानात फुकट उगवणाऱ्या तरोट्याची भाजी खाल्ली. सकाळी तरोटा, संध्याकाळी तरोटा. आई कधीकधी जेवलेच म्हणायची… जेवलेली नसायची.

वेचणीच्या दिवसांत काका-काकू लोकांच्या वावरात जात. तिथं एक गाडीवान दाढ धरून लोळत होता. काका म्हणाला, "मुळा तं उपटता येते मले. पाहू?" लोक हसले, पण दाढ निघाली. मुळा सरळ ओढला तर अर्धा मातीतच तुटतो. आधी भोवतालची माती सैल करायची, मग डोलवायचा, मग जरा फिरवून घ्यायचा. काकाचं सगळं शास्त्र एवढंच. लोहाराकडून त्यानं दात धरायची पक्कड घडवून घेतली, तिला तो जंबूर म्हणायचा, आणि कापसाच्या बाजाराशेजारी लिंबाखाली बसला. जातवाले म्हणाले, माळ्यानं भाजी उपटावी. तो म्हणाला, "मळा द्या, उपटतो."

काकू दुखणेकऱ्याचं डोकं मांडीशी दाबून धरायची आणि विचारायची, "काहो भाऊ, औंदा बोंडं कशी फुटली?" तेजीचे दिवस! कापसाची बढाई मारायला माणूस आ वासायचा आणि तेवढ्यात दाढ काकाच्या हातात. मग त्याच कापसाचा बोळा जखमेवर. काकू म्हणायची, "आपल्या मळ्यातला असन. चाव चांगला."

पहिल्याच महिन्यात काका चुकला. तिवश्याची एक म्हातारी आली. कळ एका दाढेत होती, बोट तिनं शेजारच्या दाढेवर ठेवलं. काकानं पाहिलं नाही, उपटली. दाढ पांढरी, ठणठणीत, मुळं लांब. म्हातारी बिचारी त्यालाच समजावत होती, "जाऊ दे बापा, दुसरी काढ." काकानं दुसरी काढली. पण त्या रात्री तो जेवला नाही, आणि ती चांगली दाढ कापसात गुंडाळून बटव्यात ठेवली. तेव्हापासून जंबुराच्या दांडीनं शेजारपाजारचे सगळे दात ठोकून पाहिल्याशिवाय त्यानं कोणाच्या तोंडात हात घातला नाही. लोक चिडायचे. "शिवा, दात काढून राह्यला का दरवाजा ठोकून राह्यला?"

आता मामांच्या त्या दाताची गोष्ट. तेजी ऐन भरात असताना मळ्याचा मालक लिंबाखाली आला. त्याला समोरचा दात काढून सोन्याचा बसवायचा होता. सोनार ठरलेला होता. काकानं दांडीनं ठोकलं, पुन्हा ठोकलं. म्हणाला, "मालक, दात चांगला हाये."

"मले मालूम हाये. काढ."

"चांगला हाये म्हणून राह्यलो ना."

मालक हसला. "शिवा, हा दात काढ अन् उद्यापासून मळा तुह्या. पऱ्हाटी मोडतो."

काकू तिथंच होती. तिनं मालकाचं डोकं धरलंसुद्धा होतं. मला तिनंच हे पुढं सांगितलं: "म्या मनातल्या मनात वांग्याचे वाफे पाडले होते रे…" काकानं जंबूर पुसला आणि बटव्यात टाकला. "नाई काढत मालक. न्हाव्याकडे जा." मालक रागानं गेला, आणि त्याच रागात न्हाव्याकडेही गेला नाही. आठ दिवस काकू काकाशी बोलली नाही.

पुढं अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचा भाव बसला. काकू म्हणायची, सोन्याचा दात असता तर तोही मोडून खाल्ला असता मालकानं. हसण्यावारी ठीक आहे. पण मळा आमच्याकडे आला असता तर टिकलाही असता, हे मी लपवत नाही. काकाही लपवत नव्हता. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "काका, कधी वाटते का, काढला असता तं बरं झालं असतं?"

"वाटते ना. वांगे इकत घ्या लागते तवा वाटते."

"मंग?"

"मंग काय? तोंड त्याचं होतं, पण हात माह्या होता. आन् तू काहून इचारतं? तुले वांगे पाह्यजे होते?"

मला कॉलेज मिळालं. पुण्यात पोरं चिडवायची, दात उपट्याचा पुतण्या. मी म्हणायचो, होय, तुझी दाढ दुखेल तेव्हा सांग. आमच्या घरात पहिली पदवी आली ती कापसावर नाही आली, मामा. लिंबाखाली आली.

तेरवी उरकल्यावर काकूनं बटवा माझ्या हातात ठेवला. जंबूर, आणि पिवळ्या पडलेल्या कापसात ती तिवश्याची दाढ. पदवीच्या कागदाशेजारी, माझ्या पेटीत आहेत. काकानं वऱ्हाडात हजारो दात काढले. त्यांतला एक चांगला होता. दुसरा चांगला दात त्यानं काढला नाही.