काळ्या अस्तरावरची धूळ

मास्तरांनी पलंग भिंतीपासून ओढला आणि त्यामागून जे निघालं ते पाहून ते तिथेच उकिडवे बसले. दोन बटणं, एक रिकामं रीळ, नातीचं रबरी बदक आणि उंदराएवढा एक मऊ, करडा गोळा. दुसऱ्या कुणी तो झाडूने ढकलून दिला असता. मास्तरांनी तो चिमटीत धरून खिडकीशी नेला.

"अगं, हे बघ. ह्यात धागे आहेत."

"धागे असोत नाहीतर शेपटी असो," बायको दारातून म्हणाली, "आधी सुपलीत टाका."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापडावर कात्री चालवणारे. पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, मागे संसार, मध्ये एक पडदा. त्या पडद्याच्या अलीकडे-पलीकडे त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. कापायचं त्यांनी, काजं-बटणं आणि तुरपाई बायकोने. एक खोड मात्र त्यांना लहानपणापासून होती. कुठल्याही गोष्टीचं मूळ सापडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कुणी उसवलेली बाही घेऊन आलं, तर ती शिवायच्या आधी ती उसवली कशी, हे ते उलटसुलट करून बघत बसत आणि गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं.

या वेळी मात्र मूळ शोधायला कारण तसंच होतं. लेकीला नवी नोकरी लागली होती, जावई सारखा फिरतीवर. नातीला, म्हणजे चिमणीला, आठवडाभर आजी-आजोबांकडे ठेवायचं आणि सुट्टीला घरी न्यायचं, असं ठरत आलं होतं. पण मागच्या खेपेला या खोलीत चिमणी रात्रभर खोकली. लेक तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत राहिली, मधूनच तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकत राहिली. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, झोपायची जागा साफ ठेवा. मग परवा लेकीचा फोन आला.

"आई, रविवारी येते. एक रात्र राहून बघू. पुन्हा खोकली तर मी तिला पाळणाघरात घालीन. वाईट वाटून घेऊ नका गं, पण माझा जीव राहत नाही."

बायकोने फोन ठेवला आणि पदर खोचला. मास्तरांनी दुकानाचं दार अर्ध्यावर ओढलं.

सफाई वरून खाली करायची, हे बायकोने बजावलं होतं. पंख्याच्या पात्यांवर तिने जुने अभ्रे चढवले आणि पातं धरून ओढले. सगळी जळमटं अभ्र्याच्या आत, पलंगावर कणही नाही. मास्तर पाहतच राहिले.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही पडद्यापलीकडे असता तेव्हा मी इकडे झोपा काढत नव्हते."

मग कपाटाच्या वरची बॅग उतरली. पडदे भिजले. गादी उन्हात गेली. खिडकीच्या खाचा जुन्या दातांच्या ब्रशने घासल्या. खणांमधले कागद बदलले. जो भाग साफ झाला तिथे मास्तर सवयीने खडूची फुली मारत पुढे सरकत होते. बायको ओला फडका घेऊन मागून आली, तर सगळ्या खोलीभर फुल्या.

"अहो, साफ करताय की खोलीचं माप घेताय? हा खडू आता कोण पुसणार?"

मास्तरांनी जीभ चावली आणि पुन्हा कपाटापासून सुरुवात केली.

संध्याकाळपर्यंत खोली अशी लखलखली की दोघंही दारातच चपला काढून उभे राहिले. पण मास्तरांच्या मनात किडा वळवळत होता. स्वच्छ दिसणं वेगळं आणि स्वच्छ असणं वेगळं. हे कळायचं कसं? त्यांनी दुकानातून काळ्या अस्तराचा तुकडा आणला, सुरकुती न ठेवता सगळ्या पलंगावर अंथरला, उशा त्यावर जागच्या जागी ठेवल्या आणि जाहीर केलं, "आज आपण बाहेर झोपायचं."

"जिवंत माणसांनी बाहेर आणि पलंगावर अस्तर! कुणी ऐकलं तर काय म्हणेल?"

सकाळी अस्तरावर धूळ होती. फार नव्हे, पण काळ्यावर लपत नव्हती. मास्तर भिंग घेऊन त्यावर ओणवे झाले. माती नव्हती. बारीक बारीक तंतू होते. निळे, मातकट, एखादा लालसर.

"ही बाहेरची धूळ नाहीच," ते हर्षभराने ओरडले. "हे कापड आहे! आपलंच!"

"रविवार उद्यावर आलाय आणि तुम्हाला हसू कसं येतंय?" बायको म्हणाली. ते हसू तिथेच विरलं.

पहिला संशय स्वतःवरच आला. दिवसभर कापडात लोळणारा सदरा ते रोज याच दारामागच्या खुंटीला टांगत. खुंटी दुकानात गेली, सदरा तिच्या मागोमाग. दुपारी खिडक्या लावून पुन्हा अस्तर अंथरलं. चहाच्या वेळी पाहिलं, तर पायथ्याशी जवळपास काही नाही, उशाशी मात्र तेच निळे-मातकट तंतू. पायथ्याशी नाही आणि उशाशी आहे. मास्तर बराच वेळ तिथे पाहत राहिले. गादी आणि चादरी कालच झटकल्या होत्या. उशांचे अभ्रे धुतले होते. उशा?

उशांना मात्र कुणी हात लावला नव्हता, कारण त्या बायकोच्या होत्या. दुकानातलं कातरण तिने जन्मात फेकलं नव्हतं. बारीक चिंध्या पोत्यात साठवायच्या आणि त्यांच्या उशा भरायच्या. घरातल्या सगळ्या उशा अशाच. पाहुणे म्हणत, अशी गच्च उशी विकत मिळत नाही.

"माझ्या उशांना नावं ठेवाल तर बघा," ती आधीच म्हणाली.

"नावं नाही ठेवत. फक्त एक थाप मारतो."

त्यांनी खिडकीतल्या उन्हात उशी धरली आणि थाप मारली. उन्हाचा पट्टा तंतूंनी भरून गेला. दुसरी थाप मारायची वेळच आली नाही; बायकोने स्वतःच कात्री आणली.

उशी उसवली तसे त्यातून कितीतरी जणांचे कपडे बाहेर आले. वर अलीकडचं चकचकीत कापड, त्याखाली शाळेच्या गणवेशाचं निळं, त्याखाली पोस्टमनचं खाकी. "हा बँडवाल्यांचा लाल. आठवतं, पगडीही शिवून मागत होते?" मास्तर एकेक तुकडा ओळखत चालले होते. तळाशी मात्र तुकडे उरलेच नव्हते. इतकी वर्षं डोकी घासून घासून त्यांचा नुसता भुगा झाला होता. बायकोने त्यात बोटं घातली आणि लगेच तिला शिंक आली. एक, दोन, तीन, लागोपाठ.

ती शिंकायची थांबली आणि मास्तरांकडे बघत राहिली.

"अहो, आपली पोर रोज सकाळी अशीच शिंकायची."

"हो. आपण म्हणायचो, बापाचं नाक घेतलंय."

"आणि वसतिगृहात गेल्यावर थांबलं. आपण म्हणालो, तिथलं पाणी मानवलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं ते सगळ्यांना त्या पाण्याचं कौतुक सांगत आले होते. बायको खाली बसली आणि उरलेल्या उशा उसवायला लागली. मास्तरांनी तिच्या हातातली एक उशी काढून घेतली आणि शेजारी बसून तिची दुसरी बाजू उसवू लागले.

रविवारी लेक आली तेव्हा पलंगावर कापसाच्या नव्या उशा होत्या, त्यांना मास्तरांनी घट्ट विणीच्या कापडाचे अभ्रे शिवले होते. रात्री आजी-आजोबा बाहेरच्या खोलीत कान टवकारून पडले. पहाटे कधीतरी दोघांचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन अंगावर आलं होतं आणि चिमणी रबरी बदक घेऊन आजोबांच्या पोटावर बसली होती.

"तुझी आई कुठाय गं?"

"झोपलीय."

लेक उठली ती चांगली उशिरा, केस विस्कटलेले, गालावर अभ्र्याच्या शिवणीचा वळ. चहाचा कप घेऊन ती टेबलाशी बसली. आई-बाबा तिच्या तोंडाकडे नव्हे, नाकाकडे बघत होते.

"काय बघताय दोघं?"

"शिंकली नाहीस," आई म्हणाली.

"हो की." लेक नाक चाचपत म्हणाली. "आणि ही खोकलीही नाही. मी मध्ये दोनदा उठून पाठीला कान लावला. काय केलंत बाबा खोलीला?"

मास्तरांनी सगळं सांगितलं, पंख्यापासून पोस्टमनपर्यंत. वसतिगृहाच्या पाण्यापाशी ते अडखळले, तेव्हा ते बायकोने सांगितलं. लेक आधी मोठ्याने हसली. मग चिमणीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"म्हणजे पोरीला काय होतंय, ते तुम्हालाही कळत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, हे फक्त माझंच होतंय."

ती उठून खोलीत गेली. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला आणि बायकोचा चेहरा पडला. मास्तरांनी दाराच्या फटीतून पाहिलं. लेक चिमणीची झबली, फ्रॉक, पायमोजे एकेक घडी करून कपाटाच्या खालच्या खणात ठेवत होती.

खणाच्या कडेला खडूची एक फुली राहून गेली होती. तिने ती बोटाने पुसली, बोट नाकाशी नेऊन पाहिलं आणि दुसरा खण उघडला.