बारा नंबरची खाट

ही गोष्ट आमच्या घरात माझं तोंड बंद करायला वापरतात. म्हणून मीच सांगून टाकतो, दुसऱ्या कोणाकडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा बरं. चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा.

आमच्या बाबांच्या पायात शेतात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, खुंट घुसला. साखरेची बिमारी असलेला माणूस. सरळ दवाखान्यात न्यावा की नाही? छे! घरातल्या जाणत्यांची बैठक बसली. एकाने हळद सांगितली, एकाने बिब्बा, एकाने तंबाखू-चुना. पायाचं लोणचं घालत बसले हो! आठ दिवसांत पाय कोहळ्यासारखा सुजला, तेव्हा कुठे नेरहून यवतमाळला एका दवाखान्यात आणला. पू काढला, पट्टी बांधली आणि बाबांना नऊ नंबरची खाट दिली.

सोबत कोण? मी. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेला पोरगा म्हणजे घरातला रिकामा हंडा, कुठेही नेऊन ठेवा. आणि माझ्यावर लक्ष ठेवायला आत्या!

या आत्याची एक खोड. खाटेजवळ कोणीही येवो, पहिला प्रश्न ठरलेला, "कोनत्या गावचे जी तुमी?" डॉक्टरला गाव विचारलं. सिस्टरला गाव आणि माहेर, दोन्ही. फिनाईल मारणाऱ्या बाईलाही सोडलं नाही.

"आत्या, हा दवाखाना आहे. सोयरीक जुळवून राह्यली काय?"

"तुले काय समजते बे? गाव इचारलं का मानूस समजते."

मी कपाळावर हात मारला. बाबांना खरा धोका जखमेपासून नाही, नातेवाइकांपासून आहे, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासली. पेढे परत पाठवले. एक काका सलाईनचं चाक फिरवायला लागले, "जोरात सोडतो, लवकर संपन!" त्यांचा हात धरून जे बोललो ते इथे लिहिता येत नाही.

आता पुढचं ऐका. नऊ नंबरवरचा पंखा बंद. बारा नंबरवरचा गरगर फिरतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा नंबरचा म्हातारा आपल्या मुलासोबत पिशवी घेऊन निघाला. सुट्टी झाली, दुसरं काय! आत्या कपडे धुवायला गेली होती. मी बाबांना आधार दिला आणि नेऊन बारावर झोपवलं.

"इचारून तरी घे बापू," बाबा म्हणाले.

"बाबा, विचारत बसणारे लोक बंद पंख्याखालीच मरतात."

वाक्य माझंच. लक्षात ठेवा.

साखर उतरवायचं इंजेक्शन बाबांना नवावर असतानाच दिलेलं. आता पोटात काहीतरी जायला हवं होतं. नाश्ता घेऊन मामा, म्हणजे वॉर्डबॉय, आले, भिंतीवरचा नंबर पाहिला आणि म्हणाले, "बारा नंबर उपाशी ठेवायचा हाये." गेले पुढे!

बाबांनी आत्याच्या पिशवीतून पोळी काढली. मी ती हातातून हिसकली.

"भूक लागली रे."

"डॉक्टरांनी काही विचार करूनच सांगितलं असेल ना? शिस्त नावाची गोष्टच नाही तुमच्या पिढीला!"

मग एक माणूस वस्तरा घेऊन आला आणि बाबांचं पोट तासायला लागला.

"जखम तं पायाले हाये जी," बाबा हळूच बोलले.

"बाबा, इन्फेक्शन वर चढतं," मी समजावलं. कुठे वाचलं होतं? मोबाईलवर. तेही अर्धं.

मग सिस्टर कागद घेऊन आली. "गणपतराव ना?" बाबांचं नाव वसंत. पण मोठ्या माणसापुढे 'नाही' म्हणणं आमच्या बाबांना जन्मात जमलं नाही. म्हणाले, "हो जी." आणि मी? मी मोबाईलमध्ये.

"नातेवाईक, इथे सही करा."

आजोबा न वाचता अंगठा ठोकायचे म्हणून मी त्यांच्यावर आयुष्यभर हसलो. तोच मी, अशी झोकदार सही केली की खाली दोन टिंबंही दिली! वर नाव, गाव, आजार, सगळं ठळक मराठीत होतं हो.

स्ट्रेचर आलं. बाबांना त्यावर घेतलं आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन आत्या दारात उभी.

"थांबा जी! कोनाले नेऊन राह्यले?"

"बारा नंबर," मामा म्हणाले.

"नंबर नाई इचारला. गाव कोनतं?"

मामांनी वैतागून फाईल उघडली. "उमरखेड. हर्नियाचं ऑपरेशन."

आत्याने बादली दारातच आडवी ठेवली. "आमच्या सात पिढीनं उमरखेड पाह्यलं नाई! हा नेरचा हाये! अन् याले एवढा घाम काहून येऊन राह्यला?"

मी तेव्हा कुठे बाबांकडे नीट पाहिलं. बनियन भिजलं होतं, हात थरथरत होते. "बाबा?" म्हटलं, तर ओठ हलले, शब्द नाही. सिस्टर धावली, बोटाला सुई टोचली. साखर पार तळाला! नळीतून ग्लुकोज सुरू केलं. ते पोट तासलेले बाबा डोळे उघडेपर्यंत मी स्ट्रेचरचा दांडा सोडला नाही.

त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाले? "पोळी."

तेवढ्यात सोनोग्राफी करून उमरखेडचा म्हातारा परतला. "माह्या खाटीवर कोन झोपलं होतं जी?"

साऱ्या वॉर्डाने माझ्याकडे बोट दाखवलं.

बाबा परत नवावर गेले, बंद पंख्याखाली. सिस्टरने चिकटपट्टीवर नाव आणि गाव लिहून त्यांच्या मनगटाला लावलं. हे दवाखान्याला आधी सुचलं नव्हतं, तेही आत्याकडून शिकले! आत्याने पदराने बाबांना वारा घालायला घेतला.

आणि बाबांना नातेवाइकांपासून वाचवलं पाहिजे, हे माझं मत अखेर सगळ्यांना पटलं. दुपारी ड्यूटी बदलली, तेव्हा सिस्टरने नवीन सिस्टरला माझ्यासमोर, चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं, "नऊ नंबर. पाय ठीक, साखर ठीक. धोका तो तिकडे खुर्चीवर बसलाय. त्याला पेशंटजवळ एकटं सोडू नको."