फाटक्या कागदावरचा बिबट्या

आक्का गेल्याची बातमी सगळ्यांना फोनवर कळली. मला फोन आला नाही, कारण फोन करणारी मीच होते. राहुरीच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी एकेकाला लावत होते आणि पलीकडून जो तो एकच विचारत होता, "अगं, पण झालं काय एकाएकी?" मी सांगायची, हार्ट अटॅक. मग पलीकडून, "पण काल तर बाजारात दिसल्या होत्या." काल बाजारात दिसलेलं माणूस आज जात नाही, असा लोकांचा ठाम समज असतो. माझाही होता. आता महिना होत आला. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, वस्तीवर आम्ही घरचेच उरलो, आणि मला भीती वाटायला लागलीय. रडू येतं ते वेगळं. ही निव्वळ भीती आहे, आणि ती कशाची हे सांगायचं तर आक्कांपासूनच सुरुवात करावी लागेल.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी कोपरगावची, भर बाजारपेठेतल्या गल्लीत वाढलेली. शटर ओढल्याचा आवाज आला की झोप लागायची आम्हाला. लग्न होऊन देवळाली प्रवराजवळच्या या वस्तीवर आले तर चहूकडं नुसता ऊस. हाक मारली तर ऐकू जाईल असं दुसरं घर नाही. वाऱ्यानं पाचट सळसळलं की वाटायचं, कोणीतरी चालत येतंय. पहिल्याच आठवड्यात मी गुपचूप पिशवी भरून ठेवली होती, माहेरी जायला. आक्कांनी ती पाहिली. शेंगा फोडायला माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "नंदे, तुला ठावं हाय का, दर्यात ऑक्टोपस म्हणून एक जनावर असतं. त्याला तीन काळजं असत्यात." मी म्हटलं, मग? "मग काय. तुझं एकच हाय तर एवढं धडधडतंय. त्या बिचाऱ्याचं काय व्हत आसंल." मला हसू आलं. त्या दिवशी संध्याकाळी पिशवीतली लुगडी परत ट्रंकेत गेली.

आक्कांचं शिक्षण म्हणाल तर नववी. पण वाचायचं वेड लई, आणि वाचायला घरात होतं काय, तर दुकानातून डाळ, साखर, खोबरं बांधून आलेले पुड्यांचे कागद. पुडा सोडला की आधी कागद वाचायचा, मग डाळ डब्यात. पेपरात कोपऱ्यात ती बारकी चौकट असते ना, जगातल्या अजब गोष्टींची, ती सापडली की बाईंचा दिवस सोन्याचा. गायींनासुद्धा मैत्रिणी असतात. नाग डूख धरत नाही, त्याला तेवढी आठवणच नसते. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. अडचण एवढीच की पुड्याचा कागद फाडलेला असायचा आणि माहिती मधेच तुटायची. एकदा 'उंटाला तीन पापण्या असतात, त्यामुळे तो' इथं कागद संपला. आक्का जराही न अडखळता म्हणाल्या, "त्यामुळं त्यो झोपला तरी एका पापनीतनं आपल्याकडं बघत असतो." थोरले दीर, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते म्हणाले, "हे कागदावर हाय का?" तर म्हणे, "हाय की. म्होरल्या कागदावर." म्होरला कागद कोणाच्या घरी गेला होता देव जाणे. आम्ही सगळे हसायचो आणि ऐकायचोही. पुढं मोबाईल आला तरी पुड्यावरचा जीव काही उडाला नाही त्यांचा.

मग बिबट्या आला. तसा तो इकडं सगळीकडंच आलाय, त्यात नवल राहिलं नाही. पण शेजारच्या वस्तीवरचं साखळीला बांधलेलं कुत्रं एका सकाळी नाहीसं झालं आणि नुसती साखळी उरली, ती मी डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर माझं घराबाहेर पडणं संपलं. संध्याकाळचं दूध डेअरीवर घालायचं काम आम्हा दोघी जावांचं. रस्ता चारीच्या, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्याच्या कडेनं, दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस. मी सरळ सांगितलं, जमणार नाही, दूध नासलं तरी चालेल. घरात कुरबुर झाली. आमचे हे म्हणाले, "रोज कोण सोडणार तुला?" आक्कांनी दोन्ही किटल्या उचलल्या आणि मला म्हणाल्या, "नंदे, वाकलेल्या मानसाला बिबट्या जनावर समजतो. उभ्या मानसाच्या वाटंला जात न्हाई. ताठ चालायचं अन् मोठ्यानं बोलत चालायचं. पेपरात आलंय." झालं. पेपरात आलंय म्हटल्यावर मी निघाले. रोज संध्याकाळी आम्ही दोघी, पाठीला फळी बांधल्यागत ताठ, मोठमोठ्यानं बोलत जायचो. ऊसतोडीला आलेल्या पाथर्डीकडच्या बायका त्यांच्या पाचटाच्या कोप्यांतून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

आणि एकदा तो दिसलाच. दिवस मावळायला होता. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी खाली वाकले, आणि आक्कांनी माझा अंबाडा धरून मला वर ओढलं. समोर, चारीच्या भरावावर, तो उभा होता. एवढा मोठाही नव्हता. आमच्याकडं बघत होता, घाई नसल्यासारखा. आक्कांनी अंबाडा सोडला नव्हता, त्यामुळेच मी उभी होते. "बोल," त्या म्हणाल्या. मग त्याच बोलल्या, पंचायतीसमोर बोलावं तशा खणखणीत आवाजात, त्या जनावराच्या तोंडाकडं बघून, "ऑक्टोपसला तीन काळजं असत्यात. उंटाला तीन पापन्या असत्यात. गाईंना मैतरनी असत्यात." त्यानं ऐकून घेतलं. शेपूट हलवली आणि उसात शिरला. आम्ही डेअरीवर गेलो, दुधाची फॅट लावून घेतली, परत आलो. त्या रात्री मला ताप भरला, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी किटली घेऊन दारात उभी होते. आक्का बरोबर असल्या आणि पाठ ताठ असली की मला काही होत नाही, हे मी धरून चालले. कितीतरी हंगाम मी त्या भरवशावर चालले.

ती दुपार तशी साधीच होती. जेवणं उरकली होती, पुरुष माणसं शेतात, आणि आम्ही ओट्यावर मेथी निवडत होतो. आक्का मधूनच गाल चोळत होत्या. "दाढ ठणकतीय सकाळधरनं," म्हणाल्या. थंडीचे दिवस, आणि त्यांच्या कपाळावर घाम. माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. मी म्हटलं, "आक्का, तुम्हीच सांगितलं होतं. बायकांचा अटॅक दर वेळी छातीत येत नाही, जबड्यात येतो, पाठीत येतो. उठा, दवाखान्यात जाऊ." तर त्या हसायला लागल्या. "अगं यडे, ते पुड्याचं ग्यान. त्याच्या भरवशावर कुनी दवाखाना गाठतं व्हय?" मी म्हटलं, मग बिबट्याचं? ते तर पेपरात होतं ना? त्यांनी एक जुडी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "त्यो कागद निम्माच हुता गं. 'वाकलेल्या माणसाला बिबट्या' एवढंच. म्होरलं म्या घातलं. तुला न्यायचं हुतं ना डेअरीला."

तो अंबाडा, ते भरावावरचं जनावर, एवढ्या वर्षांच्या संध्याकाळी... सगळं अर्ध्या कागदावर. मी काही बोलणार तोवर त्यांनी निवडलेली मेथी सुपात सारली आणि म्हणाल्या, "पाठ भरून आली बघ." तेवढंच. मग तिथंच आडव्या झाल्या, हाका मारल्या तरी डोळे उघडेनात.

शेजारच्या वस्तीवरचा कांद्याचा टेम्पो उभा होता, तोच घेतला. माझी मुलगी अनू, अकरावीला आहे, ती पुढं ड्रायव्हरजवळ बसली आणि मी मागं गोण्यांना टेकून, आक्कांचं डोकं मांडीवर घेऊन. डोळे मिटलेले. श्वास चालू होता, मला लागत होता हाताला. मला काही सुचेना, आणि एकदम सासूबाईंची शेवटची घटका आठवली. तेव्हा सगळे कोपऱ्यात रडत होते आणि आक्का एकट्याच त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत बसल्या होत्या, गाय व्याली, पाटाला पाणी आलं. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या होत्या, "जानाऱ्या मानसाचे कान सगळ्यात शेवटी जात्यात. डोळे जात्यात, हातपाय जात्यात, कान ऱ्हात्यात." म्हणून मीही त्यांच्या कानाशी वाकले आणि बोलत राहिले. काय बोलणार? त्यांच्याच गोष्टी त्यांना सांगितल्या. ऑक्टोपस, उंट, नाग, झाडून सगळ्या. त्यांनी जिथं जे पदरचं घातलं होतं त्यासकट. टेम्पो खड्ड्यात आदळायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेल्या. वाटेत कुठं, ते मला कळलं नाही. कुठवर मी त्यांच्याशी बोलत होते आणि कुठून पुढं नुसतीच बोलत होते, ते मला कळलं नाही.

तेराव्यानंतर अनू मोबाईल घेऊन माझ्याशेजारी बसली. काकूच्या गोष्टी खऱ्या का खोट्या ते बघू म्हणाली. पोरीला वाटलं, माझं मन रमेल. ऑक्टोपसची तीन हृदयं, खरं. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो, खोटं. उंटाच्या पापण्या खऱ्या, पण झोपेत बघत असल्याचं कुठं सापडेना. बायकांचा जबडा, खरं... ते वाचून तिनं घाईघाईनं पान पुढं सरकवलं. मग बिबट्या. तिनं वाचून दाखवलं, वाकलेलं किंवा बसलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, म्हणून उभं राहावं, आवाज करावा. म्हणजे आक्कांनी मनानं जोडलेली बाजूही बरोबर निघाली. अंगावरचं मणभर ओझं उतरावं तसं मला वाटलं. तेवढ्यात अनू म्हणाली, "आई, काकूला टेम्पोतून उतरवताना तू म्हणत होतीस, कान सगळ्यात शेवटी जातात. ते बघू?"

मी तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला. चार्जिंग संपतंय म्हटलं. संपलं नव्हतं, तिलाही ते दिसत होतं. उठून गेली बिचारी. पुन्हा एकदोनदा तिनं विचारलं, मी ओरडले तिच्यावर.

संध्याकाळी दूध घालायला आता मी एकटीच जाते. ऊस अजून उभाच आहे. तो बिबट्या किंवा त्याची पोरंबाळं असतीलच त्यात. मी ताठ चालते आणि मोठ्यानं बोलते, आक्कांशीच. एकच विचारते रोज, की आक्का, कानांचा तो कागद पुरा होता, का तोही फाटलेला होता? कोप्यांतल्या बायका आता हसत नाहीत. त्यांना वाटतं, बाई बिबट्याला भिते.