साक्षीदार क्रमांक तीनची गोपनीयता

सरकारी कचेरीत किस्से जमवावे लागत नाहीत. आपण खुर्चीत बसून राहायचं, बाकीचं बडेबाबू बघतात! बडेबाबू म्हणजे आदिलाबादच्या आमच्या कचेरीतले हेडक्लार्क. त्यांच्या समोरच्या टेबलावर मी, मराठी-तेलुगू दुभाष्या.

तर, दिल्लीहून खासदारांची समिती येणार होती. कापसाच्या जिनिंग मिलमधल्या बायकांना सुपरवायझर लोक कसा त्रास देतात, याचा अभ्यास करायला. तीन बायका बोलायला तयार झाल्या. त्यातली तिसरी अजून तिला त्रास देणाऱ्या सुपरवायझरच्याच हाताखाली होती. नाव फुटलं की तिची नोकरी गेलीच. समितीनं तसं बजावलंही होतं : नावं गुप्त ठेवा.

बडेबाबूंनी यादीवर लाल शिक्का मारला, 'अत्यंत गोपनीय'. खाली सवयीप्रमाणे टाइप झालं, 'प्रत माहितीस्तव'. कुणाला? सगळ्या खात्यांना, आणि जिनिंग मालकांच्या संघटनेला!

मी ओरडलोच, "बाबू, हे काय केलं?"

"अरे, शिक्का मारला नं वरतं! गोपनीय लिवलं हाय, मंग ते काऊन वाचतीन?"

*

चूक कळल्यावर याद्या परत मागवायचं ठरलं. त्यासाठी तातडीनं दुसरं पत्र निघालं : 'सोबतच्या तीन महिलांची नावे असलेली यादी त्वरित परत करावी.'

सोबत तिघींची नावं जोडली होती. ओळख पटायला सोपं जावं म्हणून!

*

मग नावांऐवजी क्रमांक आले. तिसरीला आणायला गुडीहत्नूरच्या पुढच्या एका खेड्यात जीप गेली. ड्रायव्हरला ताकीद होती, गावात तोंड उघडायचं नाही. त्यानं उघडलंही नाही. जीपच्या काचेवर मोठा कागद होता, 'साक्षीदार क्रमांक ३', आणि तो तिच्या दारासमोर हॉर्न वाजवत बसला.

कचेरीसमोर उतरल्या उतरल्या बाई मला म्हणाली, "भाऊ, अर्धं गाव मले टाटा कराले आलं होतं."

मला तिच्याकडे बघवेना. बडेबाबू मात्र ड्रायव्हरची पाठ थोपटत होते.

*

सत्काराशिवाय आमच्याकडे कार्यक्रम होत नाही. हॉलच्या दारावर फ्लेक्स लागला : 'धाडसी भगिनींचे हार्दिक स्वागत!' खाली आधार कार्डावरून काढलेले तिघींचे फोटो. आत टेबलावर शाली आणि शेजारच्या निर्मल गावची लाकडी खेळणी मांडलेली.

मी कपाळाला हात लावला.

"नाव टाकलं नाही, पाह्यलं का?" बडेबाबू म्हणाले. "मी सोता तपासलं!"

*

साक्षीच्या दिवशी मात्र पडदा होता. जाड, हिरवा. समिती समोर बसलेली. मागच्या रांगेत जिनिंगवाले, कारण त्यांनाही निमंत्रण गेलं होतं. त्यांच्यात तो सुपरवायझर पायावर पाय टाकून बसला होता.

तिसऱ्या बाईनं पडद्याच्या फटीतून त्याला बघितलं. हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला, पडदा बाजूला सारला आणि माइक ओढून घेतला. स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं.

"साऱ्याइले माहीत झालं हाय," ती म्हणाली. "आता मी कोनापासून लपू? मले ज्यानं तरास देला, तो मांगंच बसला हाय. त्याचं नाव..."

बडेबाबूंनी धावत जाऊन माइक बंद केला!

"बाई, काय करून राह्यल्या तुमी? असं चारचौघात कोनाचं नाव घेत असतेत काय? नोकरी जाईन नं त्याची!"