ठकीची घोंगडी

बाटली पुन्हा भरलेलीच परत आली. सुनील गायकवाडने ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"सर, तोंडच लावत नाही."

"काल संध्याकाळी?"

"तेव्हाही नाही. रात्रपाळीच्या माणसाला वाटलं, पोट फुगलं असेल. म्हणून त्याने जबरदस्ती केली नाही."

ठकी म्हणजे हत्तीचे मादी पिल्लू. तिची आई दक्षिणेकडच्या जंगलात विजेच्या तारेला लागून मेली. थोडी मोठी होईपर्यंत तिला पुण्यातील आमच्या अनाथ वन्यप्राण्यांच्या केंद्रात ठेवले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी तेथे पशुवैद्य म्हणून जात असे. प्राण्यांना नावे देऊ नयेत, असे माझे मत आहे. ते कोणी विचारात घेतले नाही. सुनील विश्रांतवाडीहून येई आणि दिवसभर ठकीबरोबर असे. तिच्या कानामागे उन्हासाठी मलम लावणे, तिला चिखलात लोळवणे, दर तीन तासांनी बाटली देणे, ही त्याची कामे.

दुसऱ्या दिवशी सरकारी कमिटी येणार होती. पिल्लू आमच्याकडे ठेवायचे की परराज्यातील प्राणिसंग्रहालयात हलवायचे, हे ती ठरवणार होती. त्या वयात ट्रकचा एवढा प्रवास ठकीला झेपला नसता. उपाशीपोटी तर नाहीच.

मी तपासणीस लागलो. आईचे दूध नसेल तर हत्तीच्या पिल्लाला गाईचे दूध चालत नाही. त्यातील स्निग्धांश त्याला पचत नाही. लहान मुलांची दूध पावडर, खोबरेल तेल आणि भाताची पेज यांचे मिश्रण आम्ही देत होतो. ते मी चाखले. नेहमीचेच होते. कोमटही होते. ठकीच्या तोंडात हात घालून हिरड्या चाचपल्या. फोड नाही, सूज नाही. ताप नाही. शेण ठीक. पोट मऊ. माझी बोटे मात्र ती जोराने चोखू लागली.

म्हणजे भूक होती आणि आजार नव्हता. मग दोष जनावरात नसून व्यवस्थेत असतो. अशा वेळी डॉक्टरने हात मागे घ्यावेत आणि डोळे उघडावेत.

"सुनील, रोज करतोस तेच कर. मी बाजूला उभा राहतो."

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. हत्तीचे पिल्लू सोंडेने दूध पीत नाही. ते तोंडाने पिते. पिताना सोंड वर उचलून आईच्या पोटावर टेकवते. सोंडेला टेकायला जागा नसेल तर ते पीत नाही. म्हणून अनाथ पिल्लांसाठी काहीतरी जाडेभरडे टांगावे लागते. आम्ही दोन बांबूंमध्ये एक काळी घोंगडी बांधली होती. तिच्यामागे उभे राहून सुनील खालून बाटली पुढे करी.

ठकी धावत आली. सोंड उचलून तिने घोंगडीला लावली आणि चटका बसावा तशी मागे घेतली. मग तिने भिंतीवर सोंड टेकवून पाहिली. भिंत गार होती. ती परत आली, पुन्हा घोंगडी हुंगली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

मी जवळ जाऊन घोंगडीला नाक लावले. मोगरा.

"अभ्यंकर बाईंना बोलाव."

मेधा अभ्यंकर केंद्राच्या मॅनेजर. राहणार सदाशिव पेठेत. त्यांच्या टेबलावर धूळ बसण्याचे धाडस करीत नसे. इस्त्रीच्या साडीची घडी सावरत त्या आल्या.

"घोंगडी कोणी धुतली?"

"मी लाँड्रीत पाठवली होती. काल दुपारच्या बाटलीनंतर दिली आणि संध्याकाळच्या बाटलीच्या आत अर्जंट करून आणली. एकही बाटली चुकू दिली नाही."

"का धुतली?"

"अहो सर, उद्या कमिटी येते आहे. केवढा वास येत होता!"

"वास यायलाच हवा होता. बाई, तुम्ही तिची आई लाँड्रीत पाठवलीत."

त्यांचा चेहरा उतरला. मी तिकडे लक्ष दिले नाही. वेळ नव्हता.

संचालकांना फोन केला. ते म्हणाले, "एवढंच ना? नवीन घोंगडी मागवा."

"नव्या घोंगडीला मेंढीचा वास येईल. हिला स्वतःचा हवा आहे."

"मग पोटात नळी घाला. दूध आत गेल्याशी कारण."

नळी घालणे म्हणजे पिल्लाला दाबून धरून घशातून पोटापर्यंत रबरी नळी सरकवणे. पिल्लू झटापट करते. त्या गडबडीत दूध फुप्फुसात गेले तर उपाय राहत नाही.

"संध्याकाळपर्यंत थांबेन," मी म्हणालो. "नाही प्यायली तर नळी घालेन. जबाबदारी माझी."

"आणि कमिटीचं काय?"

"कमिटी उपाशी नाही."

मी फोन ठेवला.

घोंगडी आधी नुसत्या पाण्यात खळबळून काढली. मोगरा जाईपर्यंत पाणी बदलत राहिलो. मग उन्हात टाकली. अर्धवट वाळल्यावर ठकी झोपते तेथील ओला पेंढा काढून पसरला. त्यात तिचे मूत, शेण, सांडलेले दूध, सगळे होते. त्यावर घोंगडी अंथरली, वर पुन्हा पेंढा घातला. आता ती तुडवायची होती. त्यानंतर सुनीलने खांद्यावर घेऊन वावरायचे होते; त्याच्या घामाचा वासही ठकीच्या ओळखीचा होता.

"खांद्यावर मी घेते," अभ्यंकर बाई म्हणाल्या.

"नको. तुम्ही पावडर लावता."

त्यांनी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि अनवाणी पेंढ्यात उतरल्या.

सुनील गडबडला. "मॅडम, साडी खराब होईल."

"धुता येईल," त्या म्हणाल्या.

"ती धुवा," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. तुडवत राहिल्या.

दरम्यान मी ठकीच्या ओठाच्या कोपऱ्यातून सिरिंजने ग्लुकोजचे पाणी थोडे थोडे सोडत होतो. अंगातले पाणी आटू नये एवढाच त्याचा उपयोग. पोट त्याने भरत नाही. सकाळी सुनीलच्या पाठीमागे फिरणारी ठकी दुपारनंतर एका जागी उभी राहिली. मग आडवी झाली. डोळे खोल गेले. मी नळी उकळून ट्रेमध्ये तयार ठेवली. सुनीलने ट्रेकडे पाहिले आणि खांद्यावरची घोंगडी अंगाभोवती घट्ट गुंडाळली. उन्हाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी त्याला सावलीत जाऊ दिले नाही.

ऊन उतरल्यावर घोंगडी बांबूंना बांधली. ठकी उठेना. सुनीलने एक टोक सोडवून तिच्या सोंडेजवळ आणले. सोंडेचे टोक हलले. त्याने घोंगडीचे टोक मागे घेतले. सोंड त्याच्यामागे गेली. मग पुढचे पाय टेकून, धडपडत, ठकी उभी राहिली.

प्यायली नाही. तिने घोंगडी या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली. मधेच थांबली. परत मागे आली. एका ठिकाणी सोंड टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

"बाटली," मी म्हणालो.

सुनीलने खालून बाटली पुढे केली. क्षणभर काहीच घडले नाही. मग चोखण्याचा आवाज सुरू झाला. बाटली रिकामी होत गेली. अभ्यंकर बाई नळावर पाय धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या.

मी नळी परत कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. ठकी सर्वांसमोर दूध प्यायली. एका सदस्याने नाकाला रुमाल लावला.

"डॉक्टर, हे धूत नाही का तुम्ही?"

मी तोंड उघडण्याआधी अभ्यंकर बाई म्हणाल्या, "नाही, साहेब. एकदा धुतली. पुरे."

कमिटीने पिल्लू आमच्याकडे राहू दिले. पुढे ते पेंढा आणि गवत खाऊ लागले, अंगाने भरले आणि दक्षिणेतील हत्तींच्या कॅम्पमध्ये गेले. ट्रकमध्ये घोंगडीही गेली. ती गोठ्यातून काढून, तशीच न झटकता, अभ्यंकर बाईंनी स्वतः बांधून दिली.

त्यांनी गोठ्यावर लावलेली पाटी मात्र अजून आहे. 'येथील कोणतीही वस्तू धुऊ नये. वास आपल्याला येत असल्यास आपण लांब उभे राहावे.'

स्वच्छतेला माझा विरोध नाही. ती कोणाच्या नाकासाठी करायची, एवढे आधी ठरवावे.