बावीस हिरव्या गाद्या

गेल्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता, जळगावातल्या एका गादीवाल्याने मला सांगितलं की मुलींचा फुटबॉल संघ धुळ्याच्या कुणाला तरी विकला गेला आहे आणि उन्हाळ्याआधी तिकडे हलणार आहे. मी त्याच्याकडे चार उशांचा कापूस पिंजायला टाकला होता. उशा न्यायला गेले होते.

त्या वेळी मी एका दैनिकाच्या जळगाव कार्यालयात उपसंपादक होते. त्याआधीची नऊ वर्षं धुळ्यात काढली होती. दोन्ही शहरांत फोन करून विचारावं अशी माणसं होती, त्यामुळे बातमी खरी की खोटी ते दुपारपर्यंत कळेल असं मी धरून चालले. हा मजकूर लिहीपर्यंत ते कळलेलं नाही.

गादीवाल्याचं दुकान मैदानासमोर आहे. आत पिंजण्याचं यंत्र, पुढे फळ्यांचा ओटा, आणि त्या ओट्यावर बसून तो गाद्यांना टाके घालतो. त्याची मुलगी सतरा वर्षांची, बारावीला. दोन वर्षांपूर्वी शालेय स्पर्धेत तिचा खेळ पाहून प्रशिक्षकांनी तिला संघात बोलावलं तेव्हा घरात आठवडाभर बोलणी चालली होती. आजीचा नकार होता, आई गप्प होती. शेवटी बापाने एक अट घातली: सराव त्याला दिसला पाहिजे. ओट्यावरून मैदानाचा सगळा भाग दिसत नाही. मध्ये पाण्याची टाकी येते. रस्त्याकडचा गोलखांब आणि त्याच्या डाव्या हाताची पट्टी तेवढी दिसते. मुलगी तोवर आघाडीला खेळायची. अट कळल्यावर प्रशिक्षकांनी तिला डाव्या बाजूची बचावपटू केलं, आणि सरावात तिची बाजू कधी बदलली नाही. बाहेरगावी सामना असला की बाप दुकान बंद ठेवून बरोबर जायचा.

संघ खरंच गेला तर काय, असं मी त्याला विचारलं. त्याने सुईत दोरा ओवला आणि मग उत्तर दिलं.

"धुळं माझ्या दुकानातून दिसत नाही, ताई."

त्याच्या माहितीला आधार होता तो एका ऑर्डरीचा. दहा दिवसांपूर्वी धुळ्याहून फोन आला होता: बावीस गाद्या, सहा बाय अडीच, म्हणजे वसतिगृहातल्या अरुंद खाटांच्या मापाच्या, आणि अभ्रे हिरवे. पत्ता देवपुरातला, एका मैदानाजवळचा. संघात नोंदलेल्या मुली बावीस होत्या. संघाचा गणवेश हिरवा होता. फोन करणाऱ्याने गाद्या कुणासाठी ते सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला गादी कुणासाठी असं विचारायचं नाही, हा त्याच्या बापापासूनचा नियम. बाळंतिणीसाठी असते, आजाऱ्यासाठी असते, कधी माणूस गेल्यावर जुनी टाकून नवी करायची असते. विचारलेलं कुणाला आवडत नाही.

हे आपण कुणाला बोललो नाही, असं त्याने सांगितलं. चौकशीत निघालं की प्रशिक्षकांना, शेजारच्या चहावाल्याला आणि निदान तीन गिऱ्हाइकांना तो बोलला होता.

मी वहीत लिहिलं: स्रोत एक, गादीवाला; आधार: अंदाज.

संघाचा मालक डाळमिलवाला. त्याच दिवशी साडेअकराला मी मिलमध्ये गेले. शेठ हसले. "ताई, संघ म्हणजे काय तुरीची डाळ आहे का, पोतं शिवलं आणि दिलं धुळ्याला पाठवून?" हा नकार समजायचा का, असं मी विचारलं. ते म्हणाले, समजा. मी उठले तेव्हा त्यांनी पुन्हा बसवलं. म्हणाले, नकारच आहे, पण कुणी येऊन विचारलं तर व्यापारी माणसाने दार कशाला लावून घ्यायचं? कुणी आलं होतं का? येतात लोक, ते म्हणाले. धुळ्याचे? लोक सगळीकडचे असतात. एवढ्यात तूर पाखडणाऱ्या यंत्राचा पट्टा तुटला आणि ते उठून गेले.

प्रशिक्षक निवृत्त क्रीडाशिक्षक होते. पारोळ्याला राहायचे आणि आठवड्यातून चार दिवस एसटीने यायचे. संघ जातोय हे आपण ऐकलं आहे, असं त्यांनी मान्य केलं. कुणाकडून, हे सांगितलं नाही. दोन-तीन ठिकाणांहून, एवढंच. तुम्ही जाल का, या प्रश्नावर म्हणाले, "मला काय, पारोळं मधेच आहे. उलट धुळं जवळ पडेल." हे ते थट्टेत बोलले की नाही, ते मला ठरवता आलं नाही. वहीत मी वाक्य जसंच्या तसं घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

दुपारी धुळ्याला दोन फोन केले. एक तिथल्या जुन्या सहकाऱ्याला, एक खेळाच्या सामानाच्या दुकानदाराला. दुकानदाराला काही माहीत नव्हतं. सहकाऱ्याने दोन दिवस मागितले आणि गुरुवारी कळवलं की बातमी पक्की आहे, गावात बोललं जातंय. कोण बोलतंय, असं मी विचारलं. खेळाच्या सामानाचा दुकानदार, तो म्हणाला; त्याला म्हणे जळगावच्या पेपरातूनच फोन आला होता. तो फोन माझा होता.

म्हणजे धुळ्यातला माझा दुसरा स्रोत मीच होते. हे मी सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पण मग दुकानदाराने आणखी दोन नावं सांगितली, ती कुठून आली? ती दोन्ही माणसं मी शोधली. एक सुरतेला गेला होता. दुसऱ्याने फोनवर सांगितलं की आपण संघ घेत नाही, पण घेणारा आपल्याला माहीत आहे. आणि डाळमिलवाल्या शेठचं नाव घेतलं. मी म्हटलं, ते विकणारे आहेत. तो म्हणाला, अच्छा, मग मला उलटं कळलं.

शुक्रवारपर्यंत गोष्ट तालुक्यांत गेली होती. संघात पहूरची एक मुलगी होती, मामाकडे राहून खेळणारी. तिचे वडील शेतीची कामं सोडून आले आणि धुळ्याला पोरींना खोली मिळणार की घर, असं विचारू लागले. जामनेरात ऐकलेली हकिकत वेगळी होती: संघ बंद पडला. सरावाला मुली नेहमीसारख्या येत होत्या, पण मैदानाबाहेर दोन घोळके करून बसत. जाणाऱ्या एकीकडे, न जाणाऱ्या दुसरीकडे. गादीवाल्याची मुलगी कोणत्याच घोळक्यात बसत नव्हती. सराव संपला की रस्ता ओलांडून सरळ दुकानात.

शनिवारी दुपारी ती आमच्या कार्यालयात आली. पायात खेळायचे बूट, खांद्यावर क्लासची पिशवी. याआधी ती तिथे कधी आली नव्हती; शिपायाने कुणाकडे जायचं विचारल्यावर तिने माझ्या टेबलाकडे बोट केलं. तिने पाणी घेतलं नाही. संघ कुठेच जात नाही असं छापा, अशी तिची विनंती होती. मी तिला सांगितलं की जी बातमी आम्ही छापलीच नाही तिचा खुलासा आम्ही छापू शकत नाही. तिने ते ऐकून घेतलं आणि विचार केला.

"मग आधी छापा ना, काकू. खुलासा दुसऱ्या दिवशी."

शेजारच्या टेबलावरचा वार्ताहर हसला. ती हसली नाही. मग तिने खरं कारण सांगितलं. बापाने मंगळवारपासून तिला अजून एक शब्दही विचारला नव्हता, पण गुरुवारी तिचे बूट धुऊन, वाळवून कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. ते तिने काढून आणले होते. उद्या अब्बा गाद्या घेऊन धुळ्याला जाणार आहेत, ती म्हणाली. ते तिथे काही विचारणार नाहीत, त्यांचा नियम आहे. तुम्ही बरोबर जा. तुमचं कामच विचारायचं आहे.

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही निघालो. छोटा हत्ती टेम्पो त्याच्या भावाचा, चालवायला तो स्वतः. मागे बावीस गाद्या गुंडाळून, ताडपत्री टाकून, दोरीने आवळलेल्या. मला बरोबर घ्यायला त्याने हरकत घेतली नाही, कारणही विचारलं नाही. एरंडोलपर्यंत तो कापसाबद्दल बोलत होता. यंदाचा धागा आखूड आहे, गादी लवकर बसेल. पारोळ्याला चहा घेतला. तिथे टपरीवर दोन माणसांनी ताडपत्रीखालचा हिरवा रंग पाहिला आणि एकाने दुसऱ्याला सांगितलं, जळगावना संघना सामान शे. गादीवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

देवपुरातलं घर दोन मजली होतं. दार एका म्हाताऱ्या अक्कांनी उघडलं. गाद्या उतरवून होईपर्यंत मी थांबले, मग विचारलं, हे सगळं कुणासाठी.

"नर्सिंगन्या पोरी शेतस, बठ्ठ्या बावीस," अक्का म्हणाल्या.

मी फुटबॉलचं विचारलं. ते काय शे, असं त्यांनी उलट विचारलं. अभ्रे हिरवे का, यावर उत्तर आलं की हिरवा डाग दिसू देत नाही. मागे पांढरे घेतले होते, पोरींनी महिन्यात मेंदी लावून ठेवली.

मी वहीत लिहिलं: गाद्या संघासाठी नाहीत, स्रोत घरमालकीण, प्रत्यक्ष. गादीवाला दारात उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा मोकळा झाला असं मला वाटलं. मग अक्कांना काही आठवलं. चार दिवसांपूर्वी एक माणूस येऊन गेला होता. उन्हाळ्यात नर्सिंगच्या मुली घरी जातात तेव्हा जळगावच्या खेळणाऱ्या पोरींना खोल्या मिळतील का, असं विचारून गेला. कोण होता? नाव सांगितलं नव्हतं.

"त्याना गळामा शिट्टी व्हती," अक्का म्हणाल्या.

गादीवाला दारातून आत आला. त्याने अक्कांना विचारलं की गच्चीवर जायला हरकत नाही ना. गिऱ्हाइकाला त्याने विचारलेला, मी ऐकलेला तो पहिला प्रश्न. तो वर गेला. मी जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत गेले. तो कठड्याला हात लावून उभा होता. समोर मैदान होतं. मध्ये टाकी नव्हती. दोन्ही गोलखांब दिसत होते आणि पलीकडे काही मुलगे क्रिकेट खेळत होते. त्याने बोटाने हवेत माप घेतलं, गादीचं घेतो तसं, आणि खाली आला. परतीच्या वाटेवर पारोळ्याला आम्ही थांबलो नाही.

सोमवारी मी प्रशिक्षकांना गाठलं. त्यांनी नाकारलं नाही. संघ जातोय हे त्यांनी गादीवाल्याकडूनच ऐकलं होतं, बावीस गाद्यांवरून. घराचा पत्ताही त्यानेच दिला होता. संघ जाणारच असेल तर पोरींची सोय आधी पाहावी म्हणून ते बुधवारी धुळ्याला जाऊन आले. तिथे आपण चौकशी केल्यावर आणखी बोभाटा झाला असेल, हेही त्यांनी मान्य केलं. मी म्हटलं, म्हणजे मुळात काहीच नव्हतं. ते म्हणाले, असं कसं? शेठने मला गेल्या महिन्यातच विचारलं होतं, धुळ्याला यायला जमेल का. मी शेठना फोन केला. शेठ म्हणाले, विचारलं होतं, पण लग्नाला.

गादीवाल्याला मी हे सगळं क्रमाने सांगितलं: त्याचा अंदाज, त्यावरून प्रशिक्षकांची फेरी, त्या फेरीवरून पुन्हा त्याचाच संशय. तो टाके घालत ऐकत होता. म्हणाला, शेठकडे कुणाचं लग्न होतं? ते मी विचारलेलं नव्हतं.

नव्या हंगामाच्या नोंदणीचे अर्ज बुधवारी मिलच्या कचेरीतून आले. प्रत्येक अर्जावर पालकाची सही हवी होती आणि मुदत शुक्रवारपर्यंत होती. त्यात 'सरावाचे मैदान' असा एक रकाना होता. गेल्या वर्षी तो छापूनच आला होता. या वेळी बावीसही अर्जांत तो रिकामा होता. कारकुनाला मी कारण विचारलं. त्याने सांगितलं की नंतर भरायचा आहे. कुणी, हे त्याला माहीत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मुलीने अर्ज ओट्यावर ठेवला. मी समोरच होते. भरलेल्या उशांपैकी एक उसवली होती. गादीवाल्याने अर्ज दोनदा वाचला आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. मुलगी म्हणाली, तिथे काय लिहायचं ते कुणालाच माहीत नाही. तो म्हणाला, मलापण नाही. त्याने हात पुसले, माझ्याकडून पेन मागितलं आणि सही केली. नंतर तिला विचारलं, आघाडीला खेळत होतीस तेव्हा कुठे उभी राहायचीस. तिने रस्त्यापलीकडे, टाकीच्या मागे बोट केलं.

अर्ज शुक्रवारी दुपारी तीन वाजता जमा झाला. पोच मी पाहिली. मैदानाचा रकाना रिकामा होता.