कुत्र्यांसाठी धरलेले मासे

नवरा, एनोक, वारला तेव्हा रोझिनेच्या दारात कोणी ना कोणी सीलचं मटण ठेवून जाई. पुढे ते हळूहळू थांबलं. शिकारी आधी आपल्या घरच्यांना देणार, त्यात चूक काय. पण दुसऱ्याच्या दारी जाऊन मागायचं तर तिची जीभ उचलत नसे. म्हणून ती पहार आणि गळ घेऊन टेकाडामागे जाई, जिथून गावाला आपण दिसत नाही, आणि गोठलेल्या समुद्राला भोक पाडून कनायोक धरी.

कनायोक म्हणजे तळाशी पडून राहणारा काटेरी मासा, निम्मा तर नुसतं डोकंच. पोरं खेळ म्हणून धरतात. बाईमाणसानं धरला की समजायचं, हिला आणून देणारं कोणी उरलं नाही. रोझिनेला आता त्यातल्या जाती गळाच्या झटक्यावरून कळायच्या. आखूड शिंगांचा तपकिरी, डोक्यावर चार गाठी असलेला फिकट, पंखांसारखे पर पसरणारा पिटुकला. सगळे एकाच चिखलात, पण जो तो आपला दगड धरून.

एके दिवशी तिच्या भोकाजवळ दुसरं भोक दिसलं आणि त्यावर बसलेली देबोरा. लहानपणापासूनची शेजारीण. तिचाही नवरा गेलेला, मुलगा शहरात.

"कुत्र्यांसाठी गं," देबोरा घाईनं म्हणाली.

"मी तरी कुणासाठी बसते?"

एनोकची कुत्री पुतण्यानं नेली होती, देबोराची तिच्या मुलानं विकली होती. दोघींना दोन्ही ठाऊक.

"तुझी हल्ली भुंकत नाहीत ती?" देबोरानं विचारलं.

"पोटं भरलेली असतात. आणि तुझी?"

"म्हातारी झाली. माझ्यासारखी घोरतात नुसती."

दोघी हसल्या. किती दिवसांनी रोझिनेनं आपलं हसणं ऐकलं. त्या भरात ती बोलून गेली, "माझ्याकडे कुत्री नाहीत, देबोरा. पातेलं मात्र मोठं आहे. चल, दोघी मिळून दोन घास खाऊ."

देबोराचं हसू मावळलं. तिनं दोरी गुंडाळली, मासे पिशवीत टाकले.

"नको बाई. घरी वाट बघत असतील."

कोण, ते तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. लांब, पलीकडच्या कड्याखाली एक काळा ठिपका वाकून बसलेला दिसला. रोझिनेनं हाक मारली नाही. तिनं आपल्या भोकावर रात्रीत धरलेला बर्फ फोडला. मग देबोराच्या भोकावरचाही फोडला, तुकडे हातानं बाहेर काढले. तेव्हापासून रोज फोडते.